भाजलेले रातकिडे, अळ्यांचा बर्गर आणि प्रोटीन बार: तीन आठवडे घरी खाऊन बघितलं त्याबद्दल

पाकीट कात्रीने कापलं आणि वास आला तो थेट सुकटीचा. म्हणजे सासूबाई मालवणहून डबा भरून सुकी कोलंबी आणतात ना, तोच वास, पण जरा हलका आणि थोडासा भाजक्या शेंगदाण्यांकडे जाणारा. ताटलीत ओतले तर अख्खे रातकिडे, डोळे, मिशा, मागचे लांब पाय सगळं जागच्या जागी, करडा-सोनेरी रंग, एकेक साधारण दोन सेंटिमीटरचा. हातात घेतला तर काहीच वजन नाही, कुरमुऱ्यासारखा. बोटांनी दाबला की चट् असा आवाज होऊन तुटतो आणि आतून पोकळ निघतो. नवरा दोन पावलं मागे सरकला, मुलगी (वय ११) म्हणाली आधी तू खा, आणि सासूबाई चष्मा लावून ताटलीजवळ वाकून बघत बसल्या.

आधी हे सांगते की मागवलं कशासाठी. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो, नऊ वर्षं झाली. आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो की युरोपात आता ब्रेड-बिस्किटात गुपचूप किडे मिसळणार, सरकारने परवानगी दिली, सगळ्यांना पाठवा. पहिल्यांदा आला तो २०२३ च्या जानेवारीत, मग २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा. आणि दर वेळेला दोन-दोन दिवस भांडण. शाकाहारी मंडळी घाबरलेली असतात, ते मी समजू शकते, कारण इथे प्रत्येक पाकिटामागचं बारीक वाचत बसणं हा त्यांचा रोजचाच त्रास आहे. पण काही जण जे लिहितात ना, "जंगली लोकांचं खाणं आता गोऱ्यांना आवडायला लागलं", ते वाचून मला खरंच राग येतो. का ते पुढे सांगतेच.

तर म्हणलं, नुसतं बोलण्यापेक्षा आणून खाऊ, घरात शिजवू आणि मग लिहू. इथल्या एका ऑनलाइन दुकानातून तीन गोष्टी मागवल्या. एक, भाजलेले रातकिडे, मीठ आणि पाप्रिका लावलेले, १८ ग्रॅमची पाकिटं, एकेक ६ युरो. दोन, फ्रोझन बर्गर पॅटी, दोन नग, साडेसहा युरो. तीन, प्रोटीन बार, एक नग ३ युरो, असे चार. कंपन्या तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि मी नावं देत नाहीये, कारण एकीबद्दल माझी तक्रार आहे, ती मी त्यांना स्वतः कळवली आहे, आणि तिची नाही तर बाकीच्यांची नावं देण्यात अर्थ नाही.

पहिला रातकिडा अर्थातच मी खाल्ला. पाप्रिका आणि मीठच आधी लागतं, मग कुरकुरीत, मग मागून हलकी सुकटीची चव येते आणि जराशी खमंग, सालासकट भाजलेल्या चण्यासारखी. घाण अजिबात नाही. त्रासाची एकच गोष्ट, ते म्हणजे पाय. मागच्या पायांना बारीक काटे असतात आणि ते दातात, टाळ्याला, घशाशी चिकटतात, पाणी प्यावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाय आणि पंख बोटांनी चोळून काढून टाकायला लागले, भाजलेल्या शेंगदाण्याची टरफलं काढतो तसं, आणि वरून फुंकर मारायची. मग काही त्रास नाही. हे पाकिटावर लिहायला हवं होतं, कारण पहिल्यांदा खाणारा माणूस त्या पायांमुळेच परत हात लावणार नाही.

सासूबाईंनी दुसरा घेतला. त्या मालवणच्या, अख्खा जन्म मासळी निवडण्यात गेलेला. तोंडात टाकला, डोळे मिटून चावला, आणि म्हणाल्या, "गो, ह्यां सुक्या सुंगटासारख्यां लागतां!" (सुंगट म्हणजे कोलंबी) आणि लगेच विचारलं, किती आहेत अजून. तिसऱ्या पाकिटाचं त्यांनी काय केलं ते मुद्दाम लिहिते, कारण अख्ख्या तीन आठवड्यांत सगळ्यात चांगलं जे काही खाल्लं ते हेच. पाय-पंख काढलेले रातकिडे तव्यावर नुसतेच मिनिटभर गरम केले, बाजूला ठेवले. तेलात ठेचलेली लसूण, भरपूर बारीक कांदा, तो गुलाबी झाल्यावर हळद, मालवणी मसाला, दोन कोकमं, अगदी चमचाभर पाणी, आणि शेवटी रातकिडे टाकून फक्त परतले, झाकण नाही ठेवलं, नाहीतर मऊ पडतात म्हणाल्या. वरून ओलं खोबरं. तांदळाची भाकरी. नवऱ्याने, जो आठवडाभर ताटलीपासून लांब होता, त्याने दोनदा घेतलं. कोकमाचा आंबटपणा आणि ती सुकी चव, जमतंच ते, कारण कोकणात हेच शेकडो वर्षं चाललंय, फक्त समुद्रातल्या प्राण्याबरोबर.

आणि तसं बघितलं तर फार लांबचे नाहीतच ते. कोलंबी, खेकडा, जवळा, रातकिडा, टोळ, सगळ्यांना सांधे असलेले पाय, सगळ्यांच्या अंगावर कवच, आणि त्या सगळ्या कवचांत कायटिन नावाचा एकच पदार्थ असतो. चव सारखी लागते यात नवल नाही. जवळ्याचा डबा उघडा आणि नीट बघा, त्यातही डोळे आणि मिशा असतातच की. आपण तो मुठीने कांद्यात टाकतो. माझं इतकंच म्हणणं आहे की जो माणूस जवळा खातो त्याने रातकिडा बघून शी म्हणायच्या आधी एकदा तो डबा उघडून बघावा. जो शाकाहारी आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याला दोन्ही नको, आणि त्याला नको म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे.

पण हे नातं फक्त चवीपुरतं नाही, आणि इथेच माझी तक्रार येते.

प्रोटीन बारबद्दल सांगते. खजूर, काजू, कोको आणि त्यात रातकिड्याची पावडर. चवीला ठीक, खजुराचा लाडूच तो, किड्याची चव शोधूनही सापडत नाही. पाकीट गडद हिरवं, पुढे मोठ्या अक्षरात प्रोटीन, पानांचं चित्र, आणि किड्याचा उल्लेख पुढे एका कोपऱ्यात छोट्या गोल शिक्क्यात, तोही लॅटिन नावाने. मागे अॅलर्जीची सूचना आहे, कायद्याने असावीच लागते, पण ती छापलीय पाकिटाच्या चिकटवलेल्या घडीखाली, अर्धी ओळ आत गेलेली. आता झालं असं की रविवारी दोन कुटुंबं जेवायला आली होती, मुलांच्या खाऊच्या टोपलीत माझ्या मुलीने बाकीच्या ग्रॅनोला बारबरोबर हाही ठेवला. आमची एक मैत्रीण, जिला कोलंबीची जबरदस्त अॅलर्जी आहे, ओठ सुजतात, श्वास अडकतो, पर्समध्ये कायम इंजेक्शनचं पेन असतं, तिने तो उचलला, पुढचं वाचलं, नट्स आहेत का बघितलं, नट्स चालतात तिला, आणि फाडायला घेतला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या म्हणून थांबली. माझ्या हातापायातलं त्राण गेलं होतं त्या क्षणी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोलंबी-खेकड्याची अॅलर्जी बऱ्याचदा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रोटीनमुळे होते आणि तेच प्रोटीन, थोड्याफार फरकाने, किड्यांमध्येही असतं. घरातल्या धुळीतल्या माइट्सची अॅलर्जी असणाऱ्यांनाही धोका असतो. म्हणूनच युरोपच्या नियमात असं आहे की किड्याचा पदार्थ असेल तर कवचवाले जलचर, शिंपले वगैरे आणि धूळमाइट्स यांची अॅलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो ही सूचना घटकांच्या यादीजवळच हवी. नियम चांगला आहे. पण नियम पाळला असं दाखवायचं आणि वाचता येणार नाही अशा जागी छापायचं, हे मला अजिबात पटलं नाही. मी फोटो काढून कंपनीला मेल केली. चार दिवसांनी उत्तर आलं, सभ्य होतं, पुढच्या छपाईत बदल करू म्हणाले. होईल तेव्हा बघू, तोपर्यंत मी हा बार कोणालाही घ्या म्हणणार नाही. शून्य स्टार. चवीसाठी दोन दिले असते.

आता त्या मेसेजबद्दल, कारण याच्याशी जोडलेलं आहे. "गुपचूप मिसळतात" हे खोटं आहे. युरोपियन युनियनमध्ये आत्तापर्यंत चारच जातींना परवानगी मिळालीय: पिवळी मीलवर्म अळी (जून २०२१), टोळ (नोव्हेंबर २०२१), रातकिडा (२०२२) आणि २०२३ च्या जानेवारीत बफेलो वर्म म्हणतात ती छोटी अळी. त्याच महिन्यात तेल काढलेल्या रातकिडा-पावडरीलाही मिळाली, म्हणून पहिला मेसेज तेव्हाचा. २०२५ च्या फेब्रुवारीतली परवानगी अल्ट्राव्हायलेट प्रकाश दिलेल्या मीलवर्म पावडरीची, ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. आणि ती रातकिडा-पावडर म्हणाल तर तिची परवानगी पाच वर्षांसाठी फक्त अर्ज करणाऱ्या व्हिएतनामी कंपनीलाच आहे, कोणीही उठून पिठात टाकू शकत नाही. यादीत लॅटिन नाव आणि इथल्या भाषेतलं नाव दोन्ही लिहावं लागतं. जर्मन पाकिटावर हाउसग्रिले, हाइमशेन, मेलवुर्म, वांडरहॉयश्रेके किंवा गेट्राइडेशिमेलकेफर हे शब्द दिसले की समजायचं. ग्रुपवरच्या शाकाहारी लोकांनी हे पाच शब्द फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा उपयोगी आहे. आणि साधा हिशोब करा की किड्याची पावडर मैद्याच्या कित्येक पट महाग असते, मग दुकानदार महागातली वस्तू स्वस्तातल्या वस्तूत लपवून का घालेल.

(आणि खरंच किड्यापासून आलेलं काही टाळायचं असेल तर ई १२० बघा, लाल-गुलाबी रंग, कोचिनियल किड्याचा, दही-गोळ्या-केकवरच्या आयसिंगमध्ये असतो. ई ९०४ म्हणजे लाख, चकाकीसाठी. हे दोन्ही खूप वर्षांपासून चालू आहे आणि याच्यावर मात्र ग्रुपवर कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.)

बर्गरवर येते. दोन पॅटी, बफेलो वर्मच्या. ही अळी म्हणजे एका छोट्या काळ्या भुंग्याची, धान्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये होतो तो. तव्यावर तेल घालून चार-चार मिनिटं. रंग छान येतो, वास भाजलेल्या मशरूमसारखा. चव बरी, जरा सुकी, आणि घास चावताना मांसासारखे धागे नाहीत, सोया चंक्सच्या कटलेटसारखं रवाळ लागतं. मग मागची यादी वाचली आणि कारण कळलं, पहिला घटक पाणी, मग सोया, मग अळ्या, मग कांदा, तेल, मसाले. म्हणजे बर्गरमध्ये अळ्यांपेक्षा सोयाच जास्त आहे. आता माझा प्रश्न असा की सोयाच खायचा असेल तर अळ्या कशाला, आणि अळ्याच खायच्या तर त्या दळून, सोयात घालून, बर्गरच्या आकारात लपवून कशाला? साडेसहा युरोत माझ्याकडे तीन दिवसांची मटकीची उसळ होते, चौघांची, पावासकट. मुलीने अर्धा खाल्ला आणि म्हणाली नॉर्मल आहे. अडीच स्टार.

मांसाला पर्याय, मांसाला पर्याय असं जे सगळीकडे चाललंय त्याबद्दल मला जे वाटतं ते इथेच लिहिते. हे सगळं जोरात सुरू झालं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या २०१३ च्या अहवालापासून. त्यात लिहिलं होतं की जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या जेवणात किडे असतात, १९०० च्या वर जाती खाल्ल्या जातात, आणि गायीच्या अंगावर एक किलो वजन चढायला साधारण ८ किलो खाद्य लागतं तिथे किड्यांना २ किलो पुरतं. खोटं नाही हे. किडे थंड रक्ताचे, अंग गरम ठेवण्यात खाल्लेलं जात नाही. शिवाय रातकिडा जवळजवळ अख्खा खाता येतो, गायीचं तसं नाही. पण मग जर्मनीच्या थंडीत त्या रातकिड्यांना २८-३० अंशांची खोली लागते, तिची वीज कोण मोजणार? आणि त्यांना खायला काय घालतात तर बऱ्याच ठिकाणी कोंबडीचंच खाद्य, म्हणजे धान्य आणि सोया. जे धान्य माणूस खाऊ शकतो तेच किड्याला घालून किडा ३३० युरो किलोने विकायचा (१८ ग्रॅमला ६ युरो, करा हिशोब) तर कोंबडीला तो पर्याय कसा होणार? कोंबडी इथे दहा-बारा युरो किलो आहे.

पाकिटावर १०० ग्रॅमला जवळजवळ ६० ग्रॅम प्रोटीन लिहिलंय, वाचून डोळे मोठे होतात. पण १०० ग्रॅम रातकिडे कोण खातंय, पाकीट १८ ग्रॅमचं, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम, दोन अंड्यांपेक्षा कमी. त्यातही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेच नोंदवलंय की प्रोटीन मोजण्याची नेहमीची पद्धत नायट्रोजनवरून असते आणि कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे किड्यांच्या बाबतीत आकडा फुगतो.

बाजारानेही तेच दाखवलंय. फ्रान्सच्या इन्सेक्ट या कंपनीने अळ्यांचे मोठमोठे कारखाने काढले, पैसा ओतला, आणि २०२४ मध्ये तिला कर्जदारांपासून कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं. आणि हेही आहे की या धंद्यातला बराचसा माल माणसांच्या ताटात जातच नाही, कुत्र्या-मांजरांच्या आणि माशांच्या खाद्यात जातो. तिथे त्याचा उपयोग असेल, मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

दुसऱ्या बाजूला इटली. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की किड्याचे पदार्थ वेगळ्या शेल्फवर, ठळक लेबल लावून, आणि पिझ्झा-पास्त्यात तर नाहीच. वेगळं शेल्फ आणि ठळक लेबल, याला माझा पूर्ण पाठिंबा, रविवारचा तो प्रसंग बघितल्यावर तर नक्कीच. पण त्या वेळी जे बोललं गेलं की आमच्या संस्कृतीवर हल्ला, आमचं जेवण बिघडवायला निघालेत, ते ऐकून मला आपल्या ग्रुपचीच आठवण झाली. शेजारच्या स्वित्झर्लंडने २०१७ च्या मे महिन्यातच तीन जातींना परवानगी दिली, त्याच वर्षी तिथल्या मोठ्या सुपरमार्केटात अळ्यांचा बर्गर आला, आणि त्यांचं चीज, बटाट्याची रोश्टी सगळं जागच्या जागी आहे. सिंगापूरने २०२४ च्या जुलैमध्ये एकदम सोळा जातींना हो म्हणलं. ज्याला खायचं तो खातो, ज्याला नको तो नाही.

आता ते "जंगली लोक" प्रकरण. माझे बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक, त्यांची बदली एटापल्लीला होती तेव्हा मी सहा ते दहा वर्षांची. गडचिरोलीचा तो भाग, माडिया गोंडांची वस्ती. उन्हाळ्याच्या तोंडावर आंब्याच्या, साजाच्या झाडांवर पानं एकमेकांना शिवून केलेली घरटी दिसायची, नारळाएवढी, लाल मुंग्यांची. शिवून म्हणजे खरोखर शिवून, त्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या तोंडातून येणाऱ्या रेशमी धाग्याने पानं जोडतात. बाबांच्या वर्गातल्या एका मुलाची आजी ते घरटं फांदीसकट उतरवायची, टोपलीत झटकायची, हातावर, मानेवर मुंग्या चढून चावत असायच्या आणि ती बोलत बोलत त्या पुसून टाकायची. मग पाट्यावर लसूण, मिरची, मीठ आणि त्या मुंग्या, अंड्यांसकट. वाटताना नाकात झोंबणारा आंबट वास सुटतो, लिंबापेक्षा तिखट, फॉर्मिक अॅसिडचा. पानाच्या द्रोणात चिमूटभर चटणी मला पण मिळाली. मी बाबांकडे बघितलं, ते म्हणाले, खाऊन पाहा अन मग बोल. खाल्ली. आंबट, झणझणीत, दात शिवशिवले, आणि मी दुसऱ्यांदा द्रोण पुढे केला. ती आजी इतकी हसली की मला तिचा चेहरा आजही आठवतो. ताप आला, सर्दी झाली की ही चटणी देतात म्हणायची.

तीच चटणी पलीकडे बस्तरमध्ये चापडा म्हणून आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात विकतात. ओडिशाच्या मयूरभंजमधल्या, लाल मुंग्यांच्याच काई चटणीला २०२४ च्या जानेवारीत जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, जो आपल्या हापूसला आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे, तोच. मग ज्यांना ग्रुपवर जंगली म्हणलं जातं, त्यांनी हे मांसाला पर्याय म्हणून कधी खाल्लं नाही. चवीला खाल्लं, हंगामात खाल्लं, जंगलातून फुकट मिळालं म्हणून खाल्लं, आणि झाडावर पुढच्या वर्षीसाठी घरटी शिल्लक ठेवून खाल्लं. त्यांना कोणी ३३० युरो किलोचा भाव दिला नाही, की पाकिटावर पानांची चित्रं काढून दिली नाहीत. माझा राग याच्याबद्दल आहे. खाणारा गरीब असला की शी, आणि त्याच गोष्टीला जर्मन पाकीट लागलं की भविष्याचं अन्न. ही दोन्ही वाक्यं मी एकाच ग्रुपवर, एकाच आठवड्यात वाचली आहेत.

एक सावधगिरीचं मात्र सांगायलाच हवं, कारण हे वाचून कोणी उत्साहाने अंगणातले नाकतोडे पकडायला जाऊ नये. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड आली ती काटोलपर्यंत पोचली होती, आमच्या काकांची संत्र्याची बाग तिकडेच आहे. तेव्हा पण लोक विचारत होते, टोळ खाल्ले तर काय होतं, राजस्थानातून इथपर्यंत फुकटचं प्रोटीन उडत आलंय. पण त्यांच्यावर रात्रभर कीटकनाशकाची फवारणी झाली होती. मेलेल्या टोळांचे ढीग बांधावर पडले होते आणि काकांनी कोंबड्यासुद्धा दोन दिवस कोंडून ठेवल्या होत्या. फवारलेल्या शेतातला, रस्त्याकडेचा, बाथरूममधला कुठलाही किडा खायचा नाही. विकतचे रातकिडे खोक्यांत, अंड्यांच्या ट्रेवर वाढवलेले असतात, उपाशी ठेवून पोट रिकामं करतात, मग गोठवून मारतात आणि गरम पाण्यातून काढून वाळवतात. मुंग्यांची चटणी करणाऱ्यांनाही माहीत असतं कुठल्या झाडावरचं घरटं घ्यायचं आणि कुठलं नाही.

तर घ्यावं का? भाजलेले रातकिडे, साडेतीन स्टार, एक स्टार किमतीसाठी कापला आणि अर्धा त्या पायांसाठी. जवळा, सुकट, सोडे आवडतात अशा घरात एकदा जरूर आणा, पण पाप्रिका वगैरे लावलेले नको, साधे मिठाचे मिळतात ते घ्या, म्हणजे आपला मसाला घालता येतो. कोलंबी-खेकड्याची अॅलर्जी असलेलं कोणी घरात असेल तर आणूच नका, वेगळ्या डब्यात ठेवू वगैरे विचारही नको. मांस सोडायचं असेल त्यांनी याच्या मागे लागू नका, डाळ-उसळ-पनीर-अंडी आहेत, स्वस्तात आहेत, करता येतात. बर्गर नाही घेतला तरी चालेल. बार घेऊ नका.

सासूबाई पुढच्या आठवड्यात परत जातायत. काल विचारत होत्या की ते रातकिडे विमानात नेता येतील का, गावी शेजारणीला दाखवायचे आहेत. मी नाही म्हणलं, कस्टम्सवाले काय म्हणतील ते कोणी सांगावं. मग त्यांनी वहीच्या पानावर कृती लिहून फ्रिजवर मॅग्नेटने लावली आहे, रातकिडे, कांदा, दोन सोलां, झाकण ठेवायचं नाही, आणि खाली लिहिलंय, नसल्यास जवळा.